दोन जावा, दोन बाटल्या

थोरलीचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक लांबुळकी खोली. मधोमध कापड कापायचं मोठं टेबल, भिंतीशी दोन शिलाई मशिनी आणि वरच्या दांडीला लोंबणारे पडद्यांचे नमुने. लग्न होऊन या घरात आल्यावर दोनेक वर्षांत तिनं हे दुकान टाकलं आणि आता तिची मुलगी नोकरीला लागायच्या वयाची झाली होती. गिऱ्हाईक खिडकीचं माप घेऊन आलं की थोरली तो कागद गोड हसून बाजूला ठेवायची आणि स्वतः टेप घेऊन त्यांच्या घरी जायची. लोक खिडकी मोजायला जातात आणि भिंत मोजून येतात, असं तिचं मत होतं. कामात तिचा हात धरणारं त्या रस्त्यावर कोणी नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं, तिलाही माहीत होतं. पण घरी धाकटी होती.

धाकटी म्हणजे तिच्या दिराची बायको. दोघे भाऊ एकाच घरात राहायचे, खाली थोरला, वर धाकटा, आणि स्वयंपाकघर दोघांत एक. धाकटी त्याच रस्त्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरला होती. तिला काही फार येत होतं अशातला भाग नाही. शिवण येत नव्हतं, हिशेबात गोंधळ, भांडी घासली तर एखादं तरी फुटणार. पण ती खोलीत आली की लोक हसायला लागायचे. थोरलीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर उभ्या अंधाऱ्या पोकळीत काम करून घुम्यासारखा घरी यायचा. बायकोशी चार वाक्यं बोलायचा, त्यातलं एक "मीठ दे" असायचं. तोच माणूस धाकटीनं चष्म्याच्या दुकानातला किस्सा सांगितला की पोट धरून हसायचा. "एक आजोबा आज दुकानात चष्मा शोधत होते, नाकावर आमच्याच दुकानाचा चष्मा!" यात एवढं हसण्यासारखं काय होतं, ते थोरलीला कधी कळलं नाही. तिला फक्त तिच्या नवऱ्याचे दात दिसायचे, आणि ते आपल्याला कधी दिसत नाहीत हे आठवायचं.

खिडकीतल्या कुंडीला थोरली पाणी घालायची, फूल यायचं ते धाकटीच्या कुंडीला. थोरलीनं नवीन कपडे घातले तर लोक म्हणायचे, "कापड छान आहे." धाकटीनं घातले तर म्हणायचे, "तू छान दिसतेस." असल्या बारीकसारीक गोष्टी थोरलीच्या मनात सुया टोचाव्यात तशा टोचून राहिल्या होत्या. ती बोलत नसे. ओठ घट्ट मिटून भाजी चिरत असे, आणि भाजी बिचारी फार बारीक चिरली जात असे.

त्या वर्षी दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या.

पहिली अशी की, दूरच्या शहरात शिकणाऱ्या थोरलीच्या मुलीला नोकरी लागली आणि तिनं ती बातमी आधी काकूला सांगितली. थोरलीला ती कळली जेवणाच्या टेबलावर, धाकटीच्या तोंडून. "अहो ताई, तुम्हाला फोन नाही आला अजून? मला वाटलं, आधी तुम्हालाच केला असेल!" धाकटी ओशाळून म्हणाली. थोरली हसली, अभिनंदन केल्यासारखी मान हलवली, आणि उठून ताट धुवायला गेली. त्या दिवसापासून तिनं धाकटीशी बोलणं टाकलं. म्हणजे भांडण नाही. "हो", "नाही", "ठेवलंय", "बघ" एवढंच. एका स्वयंपाकघरात दोन बायका आणि मध्ये बर्फाची लादी.

दुसरी गोष्ट म्हणजे रक्ततपासणी. मोठ्या रुग्णालयातली माणसं त्या रस्त्यावरच्या दुकानांत काम करणाऱ्यांचं रक्त तपासायला आली होती. दोघी जावांचं कोलेस्टेरॉल जास्त निघालं. थोरलीचं दोनशे अठ्ठेचाळीस, धाकटीचं दोनशे एकावन्न. रिपोर्ट वाचून थोरलीच्या काळजात धस्स झालं, पण दुसरीचा आकडा बघितल्यावर मनात कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. धाकटीपेक्षा आपलं काहीतरी बरं आहे, असं पहिल्यांदाच कागदावर छापून आलं होतं. तीन अंकांनी का होईना.

रुग्णालयातल्या एक डॉक्टरबाई त्या वेळी अशा माणसांच्या शोधात होत्या, ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे पण लगेच गोळ्या सुरू करायची गरज नाही. त्यांनी दोघींना बोलावलं. टेबलावर गवती चहाची एक वाळकी जुडी ठेवली होती. त्यांनी एक पात चुरगळून दोघींच्या नाकाखाली धरली.

"हा जो वास येतोय ना, तो सिट्राल आणि जेरॅनिऑल अशा पदार्थांचा," त्या म्हणाल्या. "झाडं ते स्वतःसाठी बनवतात, किडे-बुरशी लांब ठेवायला. संत्र्याच्या सालीत असाच लिमोनिन नावाचा पदार्थ असतो. आता आपलं यकृत कोलेस्टेरॉल तयार करतं, ते एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. त्यातल्या एका टप्प्यावर हे पदार्थ जरा ब्रेक लावतात, असं प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत आणि उंदरांत दिसलंय. माणसांत किती लागू पडतं, ते नक्की माहीत नाही. तेच बघायचंय."

"म्हणजे आम्ही उंदीर," धाकटी म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या. थोरलीनं ओठ मिटले. घ्या, इथेही सुरू झालं.

डॉक्टरबाईंनी पुढे सांगितलं ते असं. काहींना गवती चहाच्या तेलाच्या अगदी मोजून भरलेल्या कॅप्सूल मिळणार, काहींना नुसत्या साध्या तेलाच्या. दिसायला, वासाला दोन्ही सारख्या. कोणाला कुठल्या, ते बंद लिफाफ्यात, देणाऱ्यालाही माहीत नसणार. दर महिन्याला रक्त घेणार आणि ज्याचा आकडा त्याला सांगणार. "आणि एकाच घरात दोघी आहात, म्हणून बजावून सांगते. बाटल्यांवर नंबर आहेत. अदलाबदल होऊ द्यायची नाही."

"छे, छे," दोघी एकदम म्हणाल्या.

स्वयंपाकघरातल्या फळीवर दोन पांढऱ्या बाटल्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. रोज सकाळी दोघी आपापली कॅप्सूल घ्यायच्या. गिळल्यावर थोड्या वेळानं लिंबासारखा ढेकर यायचा. थोरली आपला ढेकर दाबायची आणि धाकटीचा कान देऊन ऐकायची. धाकटीचा ढेकर जास्त लिंबाचा आहे, अशी तिची खात्री होत चालली होती.

त्यातच धाकटीच्या चेहऱ्यावर एक टवटवी दिसायला लागली. दुकानातून आली की चहा घ्यायची, "जरा जाऊन येते," म्हणायची आणि बाहेर पडायची. परत यायची तेव्हा गाल लाल, केस विस्कटलेले, डोळे चमकणारे. कधी कधी जेवणाची वेळ उलटून जायची, मग उरलेलं काहीतरी थोडंसं खाऊन वर निघून जायची. थोरलीला वाटायचं, बसत असेल कुणाकडे तरी गप्पा हाणत, माझी गाऱ्हाणी सांगत. पण हे तेज? हे तेज त्या कॅप्सूलचंच.

पहिला महिना संपला. थोरली दोनशे सेहेचाळीस. धाकटी दोनशे बत्तीस.

"अरे वा!" थोरलीचा लिफ्टवाला नवरा धाकटीला म्हणाला. "तुला खरा माल मिळालेला दिसतोय."

"आणि मला?" थोरलीनं विचारलं.

"तुला…" तो घुटमळला. "दोनानं उतरलंय की."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोनानं! जणू लहान पोराच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवावी तसं म्हणाला. दुकानात दिवसभर तिचं लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या पडद्याला तिनं उलट्या बाजूनं अस्तर लावलं, जे तिच्या हातून कधीच झालं नव्हतं, आणि सगळं उसवत बसावं लागलं. उसवता उसवता ती मनाशी म्हणत होती, निवडताना त्यांनी तिलाच निवडलं. डोळे झाकून निवडलं म्हणतात, पण डोळे झाकून निवडलं तरी हिच्याच पदरात पडतं. खरं औषध हिला, साधं तेल मला. आयुष्यभर हेच.

सुट्टीच्या दिवशी सकाळी घरातले सगळे बाहेर गेले होते. थोरलीनं दोन्ही बाटल्या खाली काढल्या, टेबलावर दोन वाट्या ठेवल्या आणि एकीतल्या कॅप्सूल एका वाटीत, दुसरीतल्या दुसऱ्या वाटीत ओतल्या. दोन ढीग हुबेहूब. तिनं दोन्हींतली एकेक कॅप्सूल सुईनं टोचून हुंगून बघितली. वास तोच. तरी तिला वाटलं, धाकटीचा जरा झणझणीत आहे. मग तिनं वाट्यांची जागा बदलली, आपल्या बाटलीत धाकटीच्या आणि धाकटीच्या बाटलीत आपल्या कॅप्सूल भरल्या, झाकणं घट्ट लावली. नवीन बाटल्या मिळाल्या तेव्हाही तिनं तेच केलं. पडद्याची चुकीची बाजू सरळ करावी इतक्या सहजपणे तिनं ते केलं. त्या दिवसापासून ती जरा खुशीत असायची. एकदा तर धाकटीला आपणहून म्हणाली, "चहा ठेवलाय, घे." धाकटीला इतकं बरं वाटलं की तिनं दोन वेळा आभार मानले. पण थोरलीच्या तोंडून पुढे काही निघालं नाही, तशी ती पुन्हा चपला घालून बाहेर पडली.

दुसऱ्या महिन्याचा आकडा आला. थोरली दोनशे एकोणपन्नास. धाकटी दोनशे एकोणीस.

थोरलीनं कागद उलटसुलट करून बघितला. नाव तिचंच होतं. खरं औषध महिनाभर आपल्या पोटात गेलं आणि आकडा चढला. साधं तेल तिच्या पोटात गेलं आणि आकडा उतरला! म्हणजे नशिबानं औषधालासुद्धा माणूस ओळखायला शिकवलंय की काय? तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुःखाचं नव्हतं, निव्वळ जळफळाटाचं होतं. त्या संध्याकाळी दिरानं धाकटीची पाठ थोपटली, लिफ्टवाल्यानं टाळी दिली, मुलीचा फोन आला तो थेट काकूला, "काकू, कसलं भारी!" थोरली ओट्याशी पाठ करून उभी राहिली. दुधावर साय किती जाड आलीय ते बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती दुकान बंद करून बाजारात गेली. साबण, मेणबत्त्या, अत्तरं करणाऱ्यांना लागणाऱ्या तेलांचं एक छोटंसं दुकान होतं. आत पाऊल टाकताच शंभर वास एकदम अंगावर आले. तिनं गवती चहाचं तेल मागितलं. दुकानदारानं तपकिरी काचेची छोटी बाटली काढली.

"शुद्ध आहे?" तिनं विचारलं.

"एकदम शुद्ध. म्हणूनच सांगतो, पाण्यात एक-दोन थेंब टाकायचे, खोली दरवळते. अंगाला नुसतं लावायचं नाही, पोटात तर अजिबात घ्यायचं नाही."

"मला खोलीतच ठेवायचंय," थोरली म्हणाली.

घरी कोणी नव्हतं. दुपारचं ऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलं होतं. कॅप्सूलमध्ये असून असून किती असणार, तिनं विचार केला. दोन चमचे घेतलं तर महिन्याचं काम एका दिवसात होईल. तिनं कपात कोमट पाणी घेतलं, त्यात दोन चमचे तेल ओतलं आणि ढवळलं. तेल पाण्यात कुठलं मिसळतंय? ते वर तरंगत राहिलं. तिनं कप तोंडाला लावला आणि पहिला घोट गेला तो नुसत्या तेलाचाच.

जिभेवर निखारा ठेवल्यासारखं झालं. घसा, छाती, सगळीकडून आग उतरत गेली. कप हातातून सुटला. तिनं नळाखाली तोंड धरलं, पण पाण्यानं आग आणखी पसरली असं तिला वाटलं. डोकं गरगरायला लागलं, पोटात ढवळून आलं. ती फरशीवर बसली आणि तिला एवढंच सुचलं की, हा वास घरभर पसरलाय, आता सगळ्यांना कळणार.

धाकटी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत घरी आली होती, विसरलेला मोबाइल घ्यायला. दारातच तिनं नाक वर केलं. "ताई? काय सांडलं?" मग तिनं फुटलेला कप, तपकिरी बाटली आणि भिंतीला टेकलेली थोरली बघितली. एरवी कपबशा फोडणाऱ्या त्या बाईचे हात त्या वेळी अगदी स्थिर होते. तिनं रुग्णालयात फोन लावला, विचारलं, ऐकलं. "ओकारी काढायचा प्रयत्न करायचा नाही म्हणतात, ताई. तोंडातलं थुंका फक्त." शेजाऱ्याची गाडी थांबवली, थोरलीला धरून खाली नेलं आणि जाता जाता बाटली पिशवीत टाकली. "त्यांना दाखवावी लागेल."

रुग्णालयात थोरलीला पलंगावर झोपवलं, सलाइन लावलं, घसा तपासला. तासाभरानं आग ओसरली, नुसता जळका चरचराट उरला. निरोप मिळाल्यावर प्रयोगाच्या डॉक्टरबाई धावत आल्या.

"तुम्ही आमच्या कॅप्सूल घेता. त्यात खरं तेल आहे का, ते इथल्या डॉक्टरांना कळायला हवं. मी तुमच्या नंबरचा लिफाफा उघडायला सांगते."

थोरलीनं धाकटीकडे बघितलं. धाकटी खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. खोटं बोलावं असं थोरलीच्या मनात आलं, पण औषधाचा प्रश्न होता आणि ती घाबरली होती.

"माझ्या नंबरच्या मी घेतच नाही," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "गेला महिनाभर हिच्या घेतेय. मी बदलल्या."

डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्या बाहेर गेल्या आणि बऱ्याच वेळानं परत आल्या.

"दोन्ही लिफाफे उघडावे लागले," त्या म्हणाल्या. "दोघींच्याही बाटलीत साधं सूर्यफुलाचं तेल होतं. वास यावा म्हणून नावापुरता लिंबाचा अर्क. पहिल्यापासून."

"दोघींच्याही?" थोरलीनं विचारलं.

"दोघींच्याही. आणि आता तुमचे दोघींचे आकडे मला फेकून द्यावे लागतील." त्या रागावल्या होत्या, पण पेशंटसमोर आवाज चढवायचा नाही म्हणून सांभाळून बोलत होत्या. "हे तेल कॅप्सूलमध्ये किती भरायचं, हे ठरवायला आम्हाला वर्षं लागली. तुम्ही चमच्यानं प्यायलात. झाडातून आलंय म्हणजे ते गरीब असतं, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

मग त्या धाकटीकडे वळल्या. "पण तुमचं उतरलं कशानं? काही बदल केलात का?"

"चालते," धाकटी म्हणाली.

"किती?"

"पाण्याच्या टाकीपर्यंत. कधी त्याच्याही पुढे, कालव्याच्या कडेनं. मग जेवायची इच्छाही फारशी राहत नाही."

"रोज? हे कधीपासून?"

"झाले की दोन-तीन महिने," धाकटी म्हणाली. डॉक्टरबाई गेल्यावर ती पुढे बोलली, पिशवीच्या बंदाशी चाळा करत.

"घरात बसवत नव्हतं, ताई. तुम्ही बोलत नव्हता. वर जाऊन बसलं तरी खालून भांड्यांचा आवाज यायचा, आणि तो कसा यायचा ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून निघायचे. तुमचा दिवा मालवेपर्यंत चालत राहायचे."

थोरलीला हसावं की रडावं कळेना. आपण अबोला धरला, त्या अबोल्यानं ही चालायला लागली आणि चालून चालून हिचा आकडा उतरला. म्हणजे हिचं भलं केलं ते आपणच! घशात चरचरत असतानासुद्धा तिला या गोष्टीचा राग आला.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलंच," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात एरवीची गंमत नव्हती. "बाटलीत दुसरंच काही असतं तर? मला त्रास झाला असता तर? माझ्या पोटात काय जाणार, ते तुम्ही ठरवलंत. मला न विचारता."

तेवढ्यात परिचारिका सलाइन बघायला आली, धाकटीनं तिला काहीतरी विचारलं, परिचारिका हसली. आणि थोरलीच्या पोटात नेहमीसारखं दुखलं. आपण पडलोय आजारी आणि लोक हसतायत हिच्याशी. आपल्याला हे कधीच सुटणार नाही की काय, असं तिला त्या पलंगावर वाटलं.

घरी आल्यावर अबोला उलटा झाला. आता धाकटी बोलेना. तिनं आपला चहा वर नेऊन प्यायला सुरुवात केली. कोणी किस्सा सांगेना म्हणून लिफ्टवालाही पुन्हा घुमा झाला. जेवणाच्या टेबलावर चमच्यांचे आवाज. मुलीनं फोन करून आईला चांगलं फैलावर घेतलं. थोरलीनं ऐकून घेतलं. शेवटी मुलगी म्हणाली, "आई, मी काकूला आधी सांगते, कारण ती ऐकून घेते. तू लगेच पुढचं विचारतेस, पगार किती, राहणार कुठे, खाणार काय." थोरलीला हे झोंबलं. पुढच्या फोनला ती नुसतं "बरं" म्हणत राहिली. मुलीला वाटलं, आईची तब्येत अजून बरी नाही.

तीही चालायला लागली. टाकीच्या बाजूला नाही, तिकडे धाकटी असायची. ही स्टेशनाकडच्या रस्त्यानं जायची. चालताना लोकांच्या खिडक्यांतले पडदे बघायची आणि मनातल्या मनात नावं ठेवायची, तेवढाच विरंगुळा. तिचा आकडा काही फारसा हलला नाही. डॉक्टरांनी शेवटी साधी नेहमीची गोळी सुरू केली, तेव्हा कुठे तो खाली आला. धाकटीला गोळी लागली नाही. हेही थोरलीला खुपलं, पण तिनं गोळी घेतली.

पुढच्या वर्षी डॉक्टरबाईंनी प्रयोगात आलेल्या सगळ्यांना रुग्णालयाच्या सभागृहात बोलावलं. या दोघींनाही बोलावणं आलं, बहुधा यादीतून नावं काढायची राहून गेली असावीत. दोघी वेगवेगळ्या निघाल्या आणि दारातच एकमेकींसमोर आल्या. आत फक्त दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, त्याही लागून.

डॉक्टरबाईंनी सांगितलं, ज्यांनी खरं तेल घेतलं त्यांचा आकडा इतरांपेक्षा थोडा जास्त उतरला. पण फरक लहान आहे, माणसं कमी होती, ठामपणे काही म्हणता येत नाही. आणखी मोठा प्रयोग करावा लागेल. खरं तेल मिळालेल्यांना हात वर करायला सांगितलं. समोरच्या रांगेतल्या एका टकल्या माणसानं ऐटीत हात वर केला आणि आजूबाजूला बघितलं.

"बघ कसा बघतोय," थोरली दात-ओठ खात पुटपुटली. "जसं काही यानंच शोधून काढलंय."

धाकटीनं तिच्याकडे बघितलं आणि तिला हसू आवरेना. तोंडावर रुमाल धरून ती गदागदा हसत राहिली, इतकी की मागचे लोक वाकून बघायला लागले. इतक्या महिन्यांत ती थोरलीपाशी पहिल्यांदा हसली होती, आणि तेही थोरलीच्या बोलण्यावर.

परतताना दोघी एकाच रस्त्यानं निघाल्या. थोडं पुढे आल्यावर थोरली म्हणाली, "तुला खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो. अजूनही."

"माहीत आहे, ताई," धाकटी म्हणाली. "अख्ख्या रस्त्याला माहीत आहे."

थोरलीला राग यायला हवा होता. थोडासा आलाही. पण धाकटी भरभर पुढे निघाली होती, आणि तिला गाठायचं तर पाय उचलावे लागणार होते.